टेरेन्सचे चंदेरी बूट

५ मार्च १९७३, सोमवार
दोन वर्षांनी टेरेन्सचा फोन. माझ्या बायकोने, मॅव्हिसने घेतला. सतरा तारखेला लेस्टर शहरात त्याच्या बँडचा कार्यक्रम आहे, पाच इंची तळाचे चंदेरी बूट हवेत, बाबा करतील का, विचार म्हणाला. मी अधू पायांसाठी बूट करतो, नाचगाण्यासाठी नाही. लांब केसांवरून मी बोललो म्हणून घर सोडलेला मुलगा परत येत असेल, तर गोष्ट वेगळी. हो कळवलं.

६ मार्च
मॅव्हिस म्हणते, जाऊन माप घ्या. बापाला पोराच्या पायाचं माप घ्यावं लागतं होय? त्याच्या पायाचा लाकडी साचा फळीवर आहे, पंधराव्या वर्षीचा. त्यानंतर पाय फारसे वाढत नाहीत. मॅव्हिस म्हणाली, पायांनाही तुम्ही तसं बजावलंय वाटतं.

११ मार्च, रविवार
बुटांना चकाकीची पूड लावायची नाही असं मी ठरवलं होतं. थोडीच लावली. चॅपलमध्ये स्तोत्रांचं पुस्तक उघडलं तर बोटांवरची पूड लागून पान चमकायला लागलं. शेजारच्या मिसेस टॉलर म्हणाल्या, सिरिल, स्वर्गातून थेट आलात का? मी दुर्लक्ष केलं. टेरेन्स घरी यावा एवढंच मागितलं. बुटांसाठी देवाला त्रास दिला नाही.

१७ मार्च, शनिवार, सकाळ
बँडमधला ड्रमवाला डग बूट घेऊन गेला. कार्यक्रमाला या म्हणाला नाही. घाईत विसरला असेल. टेरेन्सची खोली झाडून घेतली. उद्या जेवायला येईलच.

१८ मार्च, रविवार
आला नाही. दुपारी डगचा फोन. बूट तिघांनी मिळून कसेबसे चढवले. दुसऱ्या गाण्यात टेरेन्सने काढून फेकले. बाकीचे उंच बुटांत, हा मधे खुजा. लोक हसले म्हणे. नवं चामडं सैल व्हायला वेळ लागतो, हे मी शांतपणे समजावलं. डग म्हणाला, काका, तो दहा नंबर घालतो, हे आठचे आहेत.
 

१९ मार्च
ठरलं. शनिवारी स्वतः जाऊन, गुडघे टेकून माप घेणार. तसं पत्र टाकलं. चुकलो असं लिहिलं नाही. त्याला कळेल.

२३ मार्च, शुक्रवार
टेरेन्सचं पाकीट. आत तपकिरी कागद, त्यावर पेन्सिलीने दोन्ही पावलांच्या कडा काढलेल्या. खाली त्याचं अक्षर : यावरून करा. डग येऊन नेईल. तुम्ही यायची गरज नाही.
कागद जमिनीवर पसरला आणि अनवाणी त्यावर उभा राहिलो. त्याची रेघ चहूबाजूंनी माझ्या पायांच्या बाहेर होती.