दमयंतीचे पाय

५ एप्रिल

पोहोचले! खेडहून सकाळची एसटी, हातखंब्याला उतरून पालीची दुसरी, तिथून वाडीपर्यंत रिक्षा. घर नवं आहे. चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, दारात कैऱ्यांनी वाकलेली दोन कलमं. माणसं दोनच: तुळसाकाकी आणि त्यांची सून दमयंतीवहिनी. वहिनीचा नवरा रितेश मुंबईला नोकरीत. वहिनी शाळेत शिकवायची. आता मल्टिपल स्क्लेरोसिसने कमरेखाली जवळजवळ लुळी आहे. मी तिच्यासाठी घरी राहणारी नर्स.

पण खरी गोष्ट वेगळीच घडली. काकींनी अंगणात पाट मांडला, मला बसवलं आणि घंगाळातल्या कोमट पाण्याने स्वतःच्या हातांनी माझे पाय धुतले. पदराने पुसले. मी संकोचून गेले. आम्ही बौद्ध. याच जिल्ह्यात माझ्या पणजोबांना अशा अंगणाच्या बाहेर उभं राहून बोलावं लागे. आणि आज शेतकऱ्याच्या घरची म्हातारी माझे पाय धुते! जग बदलत नाही असं रडगाणं गाणाऱ्यांनी या पाटावर येऊन बसावं. चौदा तारखेला खेडच्या विहारात मला जयंतीचं भाषण करायचं आहे. सुरुवात मिळाली.

७ एप्रिल

काकींना आजार समजावला. विजेच्या तारेवर रबर असतं, तसं मज्जातंतूवर वेष्टण असतं. शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून ते कुरतडते. मग मेंदूचा निरोप पायापर्यंत पोहोचत नाही, किंवा वेडावाकडा पोहोचतो. म्हणून वहिनीला तळव्यांखाली कापूस आहे असं वाटतं, मान खाली घातली की पाठीतून करंट जातो, एका डोळ्याला धुरकट दिसतं. शाप नाही, करणी नाही. लागण तर नाहीच नाही!

मागच्या महिन्यात मोठा झटका आला तेव्हा तिला स्टेरॉइडची सलाईन दिली होती. तो झटका आता हळूहळू ओसरेल. पण पुढचे झटके अडवणारं औषध वेगळं. ते दर सहा महिन्यांनी सलाईनमधून घ्यावंच लागतं. कोल्हापूरच्या इस्पितळाची तारीख अठ्ठावीस एप्रिल. काकींनी तोंड वाकडं केलं. गेल्या वेळी त्या औषधाने पोर तापाने फणफणली, विष आहे ते, म्हणाल्या. मी म्हटलं, ते कुंपण आहे. कुंपण काढलं तर पुढच्या वेळी पायांवर भागेल असं समजू नका.

कामाची घडी बसवली. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा आणि माकडहाड उजेडात बघायचं, कातडी लाल दिसली की त्या जागेवर भार नाही. हात धुतल्याशिवाय लघवीच्या नळीला स्पर्श नाही. आंघोळीला गारच पाणी, कारण उष्णतेने हे रुग्ण खचतात. आणि रोज डोळे मिटायला लावून तळव्यावर कापसाचा बोळा फिरवायचा. आज तिला काहीच कळलं नाही. बोळा खरंच आणलायस की मला फसवतेस, असं तिनेच विचारलं. दोघी खूप हसलो.

११ एप्रिल

वहिनीला डाव्या टाचेवर बोळा कळला! मला इतका आनंद झाला की मी काकींना मिठीच मारली. त्या हसल्या नाहीत. माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

शेजारची चंपा विहिरीवर भेटते. आज तिने, काय गो सिस्टर, पाय काय म्हणतायत, असं विचारलं. सुधारतायत, म्हटलं. तिने तोंडाला पदर लावला. तुझे गो, तुझे, असं म्हणून कळशी न भरताच निघून गेली.

१४ एप्रिल

खेड. विहारासमोरचा मंडप गच्च भरला होता. पाय धुतल्याची हकिकत सांगितली तेव्हा बायका रडल्या. टाळ्या थांबेनात. मंचावरून उतरले तर समोरच्या रांगेतल्या मुलीने माझी उजवी चप्पल आणून दिली. ती मंचावरच राहिली होती. मी एका पायात चप्पल घालून अर्ध्या मंडपातून चालत आले होते आणि मला कळलं नव्हतं.

बोलण्याच्या भरात होतं असं.

१७ एप्रिल

वहिनी खाटेला धरून उभी राहिली. अशा उकाड्यात, जेव्हा या रुग्णांचं बळ गळून जातं तेव्हा. झटका ओसरला की असं होऊ शकतं, पुस्तकात आहे. मी वाचलं आहे.

माझा उजवा तळवा बधिर आहे. एसटीत पाय मुडपून बसले म्हणून. तीन दिवस झाले त्याला, पण म्हणूनच.

१९ एप्रिल

चादर खोचायला वाकले. हनुवटी छातीला लागली आणि मानेतून कमरेपर्यंत वीज गेली. पुन्हा वाकून पाहिलं. पुन्हा गेली.

हे रोज वहिनीला विचारते मी. हाच प्रश्न. हेच उत्तर.

हा आजार पाण्यातून, स्पर्शातून, श्वासातून कशातूनच जात नाही. ज्यांना होतो त्यांत तरुण बायका जास्त. मी तरुण बाई आहे. बस्स, एवढंच. योगायोग. एमआरआय करायला हवा. कोल्हापूरला तिच्याबरोबर जाणारच आहे, तिथेच करीन.

२१ एप्रिल

आज वहिनीने सांगितलं. सहज, केस विंचरता विंचरता.

मी यायच्या आधी काकींनी केरू गुरवाकडून देवाला कौल लावला होता. मूर्तीला कळ्या चिकटवायच्या, उजवीकडची पडली तर होकार. सुनेच्या पायांतलं काढून कुणावर घालावं? घरचं नको, भावकीतलं नको. पूर्वी गावावरून ओवाळून उतरवलेलं जे उचलून नेत, त्यांच्यातली बाहेरची पोर, असं विचारल्यावर उजवी कळी पडली. म्हणून नर्स पाठवणाऱ्यांकडे आधी आडनाव विचारलं. मी आले त्या सकाळी वहिनीचे पाय घंगाळात धुतले. तेच पाणी कोमट ठेवलं. त्यातच माझे धुतले.

माझ्या पणजोबांनी छप्पन साली ते काम गावाच्या तोंडावर फेकलं. आणि मी? मी पाटावर बसून ते परत घेतलं आणि त्यावर भाषण ठोकलं!

स्वयंपाकघरात जाऊन ओरडले. माणसं आहात की कोण, विचारलं. माझ्या आईला मी काय सांगू, विचारलं. काकी भाकरी थापत राहिल्या. मग हात थांबवून एवढंच म्हणाल्या, "तुला काय होतंय काय गो, बाय?"

डोळ्यांत केवढी आशा होती त्यांच्या.

तेव्हा मला कळलं. हो म्हटलं तर उतरवलेलं लागू पडलं. मग कोल्हापूर रद्द, औषध बंद. आणि पुढचा झटका वहिनीचे डोळे नेईल, गिळणं नेईल, हात नेईल. मी म्हटलं, मला काहीच होत नाही.

काकींचा चेहरा पडला. देवाचं लागलं नाय तर डॉक्टरचं करू, म्हणाल्या.

म्हणजे अठ्ठावीसपर्यंत मला नीट चालायचं आहे.

२३ एप्रिल

पट्ट्याच्या सॅंडल घालते. पाय टाकताना बघून टाकते, न बघता टाकला तर जमीन सापडत नाही. भिंतीला हात लावते, पण सहज लावल्यासारखा.

काकी दारात बसतात. तांदूळ निवडतात. तांदळाकडे बघत नाहीत.

मी पळून का जात नाही? मी गेले तर वहिनी कोल्हापूरच्या गाडीत बसणार नाही. आणि पळायला —

२४ एप्रिल

दुपारी डोळा लागला. जाग आली तर वहिनी माझ्या पायांशी बसलेली. कुणी आणली तिला? कुणीच नाही. चालत आली. हातात कापसाचा बोळा. माझ्या तळव्यावर फिरवत होती.

केव्हाची बसलेय मी, म्हणाली.

मला काहीही कळलं नव्हतं.

काकींना सांगू नका, अशी विनवणी केली. औषध घ्या वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, शिकवलंय तुम्ही मुलांना. तिने माझा पाय मांडीवर घेतला. लहान मुलाचा घ्यावा तसा. म्हणाली, मला माहीत आहे गं सगळं. पण मी सहा वर्षांनी आधाराशिवाय चाललेय. तू जाऊ नकोस कुठे. मी तुझी कूस बदलत जाईन.

२५ एप्रिल

वहिनीने अजून काकींना सांगितलेलं नाही. का नाही? जेवताना बघते आणि हसते.

२६ एप्रिल

उजव्या डोळ्याला ओळी धुरकट. तिरकं लिहिलं जातंय बहुतेक.

आजार पाण्यातून जात नाही. जात नाही. हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला पटवून देणारं कुणी त्यात नव्हतं.

नाही — पटतं. पटायलाच हवं. मला पटलं नाही तर तिला कोण —

२७ एप्रिल

रितेशचा फोन. आई म्हणेल तसं करा. इथे सगळेच आई म्हणेल तसं करतात.

काकी म्हणाल्या, उद्या गाडी रस्त्यावर उभी राहील. घरापासून रस्त्यापर्यंत तू आधी चालायचंस. अनवाणी. हात न धरता. केरू गुरव बघेल. तू नीट गेलीस तर सून गाडीत बसेल.

संध्याकाळी पायऱ्यांवर अनवाणी चालून बघितलं. दुसऱ्या पायरीला —

रक्त आलं. दुखलं नाही.

२८ एप्रिल

गाडी आली. हॉर्न वाजला.

अंगणात माणसं. चंपाचा आवाज.

खाटेवर बसले आहे. सॅंडल काढल्या. दोन्ही पाय खाली आहेत, दिसतात. आहेत.

एवढंसं अंगण. एवढंसं. मी हजार माणसांसमोर उभी राहिले आहे —

पावलं. वहिनी येते आहे मला न्यायला. न अडखळता. हात पुढे केलाय. तो धरला तर हरले. नाही धरला तर —

उठते. डावा टेकला. आता उजवा