टीम मोडली ते साल

सर, काल कामानिमित्त सांगलीला गेलो होतो. आपण शेवटची मॅच खेळलो ते मैदान अजून आहे. पोरं फुटबॉल खेळत होती, बघत थांबलो, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, तरीही.

ते दुष्काळाचं साल. साताऱ्यात सगळे म्हणायचे, यंदा कप आपल्याच कॉलेजात येणार. आणि ऐन सीझनमध्ये फौजेची भरती निघाली. तुम्ही स्वतः फौजेतून आलेले. एका सकाळी सराव बंद ठेवून तुम्ही आम्हा सगळ्यांना भरतीच्या मैदानावर नेलंत. आपले दोन्ही फॉरवर्ड, गोलकीपर, पळणारे होते तेवढे सगळे निवडले गेले. माझी छाती कमी भरली. परत आलो, तर तुम्ही मला कॅप्टन केलंत.

मग हरणं सुरू झालं. तालमीतून, कबड्डीतून पोरं गोळा केली. ती भांबावली की बॉल सरळ हातात उचलायची. प्रिन्सिपॉलनी तुम्हाला आत बोलावून झाडलं. दारं उघडीच होती, आम्ही सगळं ऐकलं. तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, "चला, दोन चक्कर मारा."

शेवटची मॅच सांगलीत. गोलामागून गोल बसतायत आणि समोरची पोरं हसतायत. मॅच संपल्यावर मी सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडलो, "सर, टीम तुमीच मोडली! सीझन झाल्यावर धाडलं असतं तर काय बिघडलं असतं?"

तुम्ही रागावला नाहीत. एसटी स्टँडवर माझ्या हातात चहाचा ग्लास दिलात. "भरती थांबत न्हाई रं. त्या सेंटर फॉरवर्डच्या घरी विहीर आटलीया, पाठीवर तीन बहिणी हायत. कप ठिवून चूल पेटती व्हय?" मग म्हणालात, "तू लय चिडलास, पर शेवटपर्यंत पळत व्हतास. बघितलं म्या."

पुढच्या वर्षी कॉलेजनं फुटबॉलच बंद केला. तुमच्याकडं नुसती ड्रिल उरली. एका दुपारी तो सेंटर फॉरवर्ड रजेवर आला, सोबत कडेगावची त्याची आई. माउलीनं ग्राउंडवरच तुमचे पाय धरले. "आवं मास्तर, पोरींच्या तोंडात घास पडला तुमच्यामुळं." तुम्ही इतके अवघडलात, की तिला उठवायचं सोडून शिट्टी वाजवलीत. आम्ही हसलो. तुम्ही पाठ फिरवून डोळे पुसत होतात.

आता मीही मुलांचा बाप आहे, आजोबाही झालोय. भरतीच्या दिवशी तुम्ही जे केलंत, त्याहून वेगळं मीही केलं नसतं. हे लिहिलेले कागद कुठं धाडणार? राहतील घरातच. पण खरं सांगू, सर? सगळं कळतं, सगळं पटतं, तरी काल परतताना गाडीत हिशोब मांडत होतो. ती पोरं असती, तर सांगलीत आपण नक्की जिंकलो असतो.