कॉर्मोरंट किनाऱ्यावर इशारा नेमका कोणाचा होता

दिनांक : ९ सप्टेंबर

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
ग्रे हेरन सागरी कयाक मंडळ,
व्हँकुव्हर बेट, पश्चिम किनारा,
ब्रिटिश कोलंबिया.

विषय : कॉर्मोरंट किनाऱ्यावरील अपघाताचा अहवाल दुरुस्त करण्याबाबत व सहलप्रमुखांची दृष्टी तपासण्याबाबत.
संदर्भ : आपला २ सप्टेंबरचा अहवाल.

महोदय,

१. मी मंडळाची जुनी सभासद असून निवृत्तीपूर्वी मत्स्य-संशोधन प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत असे. आपल्या अहवालात म्हटले आहे की, श्रीमती युको तनाबे इशाऱ्याची वाट न पाहता किनाऱ्याकडे निघाल्या, त्यामुळे एकाच लाटेवर दोन कयाक आल्या आणि श्रीमती तनाबे यांचे कॉलरबोन मोडले. सबब त्यांना वर्षभर सहलींना मनाई करण्यात येत आहे. दुसरी कयाक माझी होती. तिचेच नाक त्यांच्या खांद्याला लागले. अहवालाशी मी सहमत नाही.

२. फुटणाऱ्या लाटांतून किनाऱ्याला लागताना प्रमुख आधी जातो, वाळूवर उभा राहतो आणि आमच्या डोक्यांवरून समुद्राकडे पाहतो. त्याने वल्हे उभे धरले की एकाने यायचे, आडवे धरले की थांबायचे. पाण्यात होडीत बसलेल्याला पुढच्या लाटांच्या फक्त पाठी दिसतात, म्हणून वल्ह्याबद्दल शंका घ्यायची नसते. त्या दिवशी प्रमुख माझी सख्खी थोरली बहीण मार्गो लिंडवॉल होती. तिचे वल्हे उभे झाले, म्हणून मी निघाले. त्या वेळी मोठ्या लाटांची झुंड माझ्या पाठीशी येऊन ठेपली होती. म्हणजे इशारा चुकीचा होता. परंतु युको तर वल्ह्याची वाट पाहणाऱ्यांतली. ती त्याच क्षणी, माझी पाळी असताना का निघाली, हे मला उलगडेना.

३. माझा पहिला संशय श्री. डग प्रुइट यांच्यावर होता. वसंतापासून ते प्रत्येक सहलीत मार्गोच्या मागोमाग किनाऱ्याला लागतात, तिच्या एक पाऊल मागे उभे राहतात आणि तिने वल्हे हलवण्याआधी काहीतरी पुटपुटतात. त्यांना प्रमुखपद हवे आहे, असा माझा समज झाला. म्हणून ते गाडीच्या टपावर कयाक बांधत असताना मी त्यांना गाठले.

"तिच्या कानात काय सांगत असतोस तू?"

"'आता' म्हणून सांगतो. नाहीतर 'थांब' म्हणून."

"तुला कोणी नेमलंय?"

त्यांनी दोरी सोडून दिली. "हेस्टर, तिला लांबचं दिसत नाही गं. लाटा कानाने मोजते ती. तू एका घरात राहतेस तिच्याबरोबर. मला वाटायचं, तूच आम्हा सगळ्यांना वेड्यात काढतेयस."

त्या दिवशी त्यांनी काय सांगितले, असे विचारल्यावर ते म्हणाले, "काहीच नाही. माझी टोपी उडाली. मी तिच्यामागे धावलो."

टोपीमागे धावण्याइतकी ती मौल्यवान नाही. मी पाहिलेली आहे. त्यामुळे माझा संशय मिटण्याऐवजी वाढला.

४. नंतर मी युकोकडे सूप घेऊन गेले. तिने डाव्या हाताने चमचा धरला होता आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

"मी मार्गोकडे बघतच नाही," ती म्हणाली. "डगकडे बघते. त्याने टोपी काढली की रस्ता मोकळा. ठरलंय आमचं."

"तुझं आणि डगचं?"

"सगळ्यांचं, हेस्टर."

"मला कोणी बोललं नाही."

"बहीण ना तुझी. कोणी सांगायचं तुला? आणि तूच सांगायला हवं होतंस, असंही आम्ही म्हणायचो. तुझ्या माघारी."

यावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. वारा त्या दुपारी जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. त्याने लाटांचा आवाज मागे लोटला, म्हणून मार्गोला झुंड ऐकू आली नाही. त्यानेच टोपी उडवली, म्हणून डग तिच्यापाशी नव्हते आणि युकोला डगचे उघडे डोके दिसले. युकोने इशारा मोडलेला नाही. तिला ठाऊक असलेला इशारा तिने पाळला. हे ती आपणास सांगणार नाही. "वर्षभर टोमॅटो लावीन," असे ती मला म्हणाली. "मार्गोकडून हे प्रमुखपद गेलं तर तिच्याकडे काय उरतं?"

तसेच, यंदाच्या संपूर्ण हंगामात माझ्या बहिणीच्या वल्ह्यावर किनाऱ्याला येणारी मी एकटीच होते, हेही नमूद करणे भाग आहे.

५. आता आपल्याविषयी. जूनमधील सहलीत आपण माझ्या आधी किनाऱ्याला लागलात. आपली मान मार्गोच्या वल्ह्याकडे नव्हती, थोडी उजवीकडे होती. डोळ्यांवर ऊन येत असेल, असे मी तेव्हा मानले. पण तो किनारा पश्चिमेला तोंड करून आहे आणि वेळ दुपारची होती. ऊन आपल्या पाठीवर होते. उजवीकडे डग उभे होते. अहवाल लिहिताना टोपीची बाब आपणास माहीत होती किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. हल्ली कोणी थर्मासचे झाकण काढले तरी तो कोणासाठी इशारा आहे, हे मी पाहू लागले आहे. अशा मनःस्थितीत समुद्रावर जाणे बरे नाही.

६. काल मार्गोने मला विचारले, "युको का गं निघाली? वल्हं तर मी तुझ्यासाठी उभं धरलं होतं. पाणी मोकळं होतं ना?" मी म्हटले, "वारा होता." ते खरे आहे, परंतु ते उत्तर नव्हे. लाट कशी ओळखायची हे मला मार्गोनेच शिकवले आहे. तिला हे सांगणे माझ्याने होत नाही. मी दोनदा प्रयत्न करून पाहिला.

७. सबब विनंती की,
(अ) श्रीमती तनाबे यांच्यावरील ठपका व मनाई रद्द करावी.
(आ) सर्व सहलप्रमुखांची, आपल्यासह, दृष्टी तपासावी. एकट्या मार्गोला बोलावू नये.
(इ) निष्कर्ष मार्गोला आपण स्वतः, समोर बसून सांगावा. डग यांना पाठवू नये.
(ई) टोपीची पद्धत बंद करावी. ते शक्य नसल्यास ती सर्वांना, म्हणजे मार्गोलाही, कळवावी.

पुढील सहल २० तारखेस असून प्रमुख मार्गोच आहे. तोवर निर्णय न झाल्यास मी नेहमीप्रमाणे पाण्यात असेन आणि तिचे वल्हे उभे झाले की निघेन. त्या वेळी माझ्या आजूबाजूला कोणीही येऊ नये, अशी सूचना सर्वांना द्यावी. डगकडे पाहून निघणे मला जमणार नाही. मार्गोला माझा चेहरा दिसत नसला, तरी मी दुसरीकडे पाहिलेले तिला कळेल.

आपल्या खुलाशाच्या प्रतीक्षेत,

हेस्टर लिंडवॉल

सोबत :
१. त्या दुपारच्या वाऱ्याची नोंद.
२. श्रीमती तनाबे यांच्या एक्स-रेची प्रत (त्यांच्या संमतीने; कशासाठी हवी, ते त्यांना सांगितलेले नाही).

ता. क. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये. टपाल मार्गो उघडते आणि मला मोठ्याने वाचायला देते.