साक्षीदारांच्या दोन रिकाम्या ओळी

९ मार्च २०२५, रविवार
सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मृत्युपत्र का करावं?’ हे व्याख्यान. सेक्रेटरी मी, कल्पना माझी, फळ्यावरचं अक्षरही माझंच. मुलुंडात एवढी माणसं एरवी गणपतीच्या मीटिंगलाही जमत नाहीत. वकीलबाई छान बोलल्या. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साधा कागद चालतो. पण दोन साक्षीदार हवेत आणि सही त्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी, नाहीतर तो कागद रद्दी. मागच्यांना ऐकू आलं नाही म्हणून हे शेवटचं मी माइकवर पुन्हा सांगितलं.

बहीण सुलू अण्णांना घाटकोपरहून रिक्षात घालून घेऊन आली. मी बोलावलं नव्हतं. अण्णा पहिल्या रांगेत, काठी मांडीवर. प्रश्न विचारा म्हटल्यावर यांचाच हात वर.
“माझो मसाल्याचो डंक आसा. एकोणीस वर्सा माझा चेडू सांभाळता. झील नोकरी करता. गाळो चेडवाच्या नावार करूचो आसा.”
वकीलबाई हसल्या. “मुलीच्या नावावर ना, आजोबा? मुलाला सांगा, तासाभराचं काम आहे.”
मुलगा कोण ते हॉलभर माहीत. मान खाली घालून आभार मानले.

१९ मार्च, बुधवार
अण्णांचा फोन, या आठवड्यातला तिसरा. “बाई कधी येतत?” म्हटलं, कोर्टात बिझी आहेत. खोटं. बाईंना मी विचारलेलंच नाही.

नीताला सांगितलं. “तुमचे वडील, तुमची बहीण. मला मध्ये घेऊ नका.” मग पोळी लाटता लाटता, “घाटकोपरची बिल्डिंग पाडून नवी बांधली की गाळा थेट रस्त्याला लागून येणार म्हणे.” तेवढंच बोलली.

पुढच्या वर्षी रिटायर होतोय, पेन्शन नाही. त्या नव्या गाळ्याचं भाडं मी मनातल्या मनात कधीपासून खातोय. नवरा गेल्यावर सुलू अण्णांकडे परत आली आणि मसाला कुटायच्या डंकाला जुंपली. मी आयुष्यात एक किलो मिरची कुटलेली नाही. तरी आत कुठेतरी आहेच, मुलगा असताना गाळा मुलीला? लोक काय म्हणतील? लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

१३ एप्रिल, रविवार
घाटकोपरला गेलो. सीझन जोरात. गाळ्याबाहेर बाकड्यावर पाच-सहा बायका, भाजलेल्या मिरच्यांचे डबे मांडीवर घेऊन. आमच्याकडे मसाला ठेवून कोणी जात नाही. नंबर आला की बाई उठून डंकाजवळ उभी राहते, आपला मसाला आपल्या डोळ्यांसमोर कुटून घेते. दुसरीची मिरची मिसळायला नको. सुलू तोंडाला फडकं बांधून, कोपरापर्यंत लाल. मला बघून नुसती भुवई उडवली.

अण्णा मागच्या खोलीत. बसतोय तोच वही पुढे केली. “बाई रवांदे. साधो कागद चलता म्हणाली मां ती? माझो हात चलणा नाय. तू लिव.”

लिहिलं. गाळा, मशीन, दुकानाचं नाव, सगळं सुलभाला. खाली दोन ओळी आखल्या, साक्षीदार १, साक्षीदार २. अण्णांनी सही केली. पाच मिनिटं लागली, जीभ दातांत धरून.
“आणि साक्षीदार?”
“मी घेतो, सोसायटीतले दोघे.”
“आता नको?”
“नंतर चालतं, अण्णा.”

नंतर चालत नाही. मुलुंडात शंभर माणसांना हे ज्याने सांगितलं तोच मी. मधे एक भिंत होती, पलीकडे बाकडं भरलेलं. नुसती हाक मारायची होती.

निघताना सुलूने बरणी दिली, यंदाचा मसाला. “नीतावैनीला सांग, जपून घाल, तिखट झालाय.” कागद वरच्या खिशात होता. घरापर्यंत चारदा चाचपला.

२७ एप्रिल, रविवार
अण्णा फोनवर, “सयो झाल्यो?”
“झाल्या.”
“मगे आता माका घोर नाय.”

शाळेपासून त्यांच्याशी पुष्कळ खोटं बोललोय, पण ते स्वतःला वाचवायला. हे वेगळं. ते निवांत झाले आणि मला लाज वाटतेय, लाज हाच शब्द, दुसरा सापडत नाही. उद्या बाकड्यावरच्या दोघी बायकांना शोधून त्यांच्यासमोर पुन्हा सही... अण्णा अजून आहेत, हात थरथरतो पण आहेत. पुढच्या रविवारी नक्की.

४ मे, रविवार
गेलो नाही. सोसायटीची पाण्याची टाकी साफ करायची होती. सेक्रेटरी लागतो म्हणे. टाकी माझ्याशिवाय साफ होते.

१२ मे, सोमवार
काल पहाटे अण्णा गेले. झोपेतच. सुलू चहा घेऊन गेली तेव्हा...

मडकं मी धरलं. मुलगा ना. लोक खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, तुम्ही सगळं केलंत त्यांचं. सुलू कोपऱ्यात बसलेली, नखांत अजून मसाला.

फोन आला तेव्हा रडू येण्याआधी मला कपाटातला तो कागद आठवला. कुणाला सांगणार हे? इथे लिहितोय.

८ जून, रविवार
सुलूनेच विषय काढला. “दादा, अण्णांनी तुझ्याकडे कागद करून दिला होता ना?”
तयारी करूनच गेलो होतो. “साक्षीदार राहिले गं. कायद्याने तो चालत नाही.”
ती म्हणाली, “अण्णांची घाई. जन्मभर तेच. निदान तुला तरी नीट विचारायचं.”
मी मान हलवली. हलवली! गेलेल्या माणसावर ढकललं आणि वर चहा प्यायलो.

“मग आता आपण अर्धे अर्धे?”
म्हटलं, बिल्डरला एकच नाव हवंय. हेही खोटं, दोन चालतात.
“तर तुझं घाल. मी कशाला भांडू? आई नाही, अण्णा नाहीत. माहेर म्हणजे आता तूच.”

भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं.

२२ जून, रविवार
हक्कसोडपत्राचा मसुदा आला, सुलूने तिचा हक्क माझ्यासाठी सोडल्याचा. ‘मी माझ्या राजीखुशीने, सर्व बाबी समजून घेऊन...’ एजंट म्हणाला, हे वाक्य सगळ्यांतच असतं, साहेब. मी तिथेच अडलो. सर्व बाबी.

नीता साडी घेऊन आली. हक्क सोडणाऱ्या बहिणीला भावाने साडीचोळी करायची, आमच्यात पद्धत आहे. जांभळी, जरीकाठी. “हलकी बरी दिसली नसती,” म्हणाली. साक्षीदारांचं तिला माहीत नाही. सांगितलं तर ती साडी माझ्या तोंडावर फेकेल, एवढं तिला ओळखतो.

२९ जून, रविवार
वकीलबाई जिन्यात भेटल्या, आमच्याच विंगमध्ये कोणाकडे आल्या होत्या. विचारून टाकलं, “माझ्या एका मित्राचं आहे...” सगळं सांगितलं, मित्राच्या नावावर.

बाईंनी चष्मा काढून पुसला. “वडील गेले, आता तो कागद जिवंत होणार नाही. पण तुमच्या मित्राला कोणी अडवलंय? त्याने स्वतःचा अर्धा हक्क बहिणीला सोडावा. तेच हक्कसोडपत्र, नावं उलटी. गाळा तिचा होईल.” दोन पायऱ्या उतरून थांबल्या. “तुमचे वडील बरे आहेत ना? प्रश्न चांगला विचारला होता त्यांनी.”

गेले म्हणालो. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि उतरून गेल्या. चोराच्या मनात चांदणं, पण मला वाटतं त्यांना कळलं.

२ जुलै, बुधवार
एजंटकडून दुसरा मसुदाही करून घेतला, नावं उलटी. तो बघतच राहिला. “भाऊ सोडतोय? साहेब, असं मी क्वचितच टाइप केलंय.” दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवलेत. सोमवारी अकराला नोंदणी. कोणता बाहेर काढायचा ते तिथे ठरवीन, असं स्वतःला सांगतोय. म्हणजे पुन्हा नंतर.

४ जुलै, शुक्रवार
संध्याकाळी सुलूचा फोन. सोमवारी गाळा बंद ठेवते म्हणाली. साडी आणू नकोस, तुला रंगातलं कळत नाही. हसली. मग म्हणाली, “अण्णांचा तो कागद मात्र आण. चालत नाही तर नाही. त्यांची शेवटची सही आहे, फ्रेम करून डंकावर लावते.”
बरं म्हणालो.
“आणि दादा, आज परबकाकू आल्या होत्या मसाल्याला. त्या म्हणाल्या, तू एप्रिलमध्ये आलास त्या दिवशी त्या बाहेर बाकड्यावरच होत्या. अजून चारजणी होत्या. साक्षीदार राहिल्याचं सांगितलं तर म्हणाल्या, हाक मारली असती तर सही केली असती की.”

मागे डंक चालू होता, मग तिने तो बंद केल्याचं ऐकू आलं.

“आमच्याकडे अर्धा किलो मसालासुद्धा बाई डोळ्यांसमोर कुटून घेते, दादा. आणि अण्णा मला काय म्हणाले होते माहितीये? जायच्या आधीच्या आठवड्यात. सुलू, सयो झाल्यो, सतीशान सांगल्यान. मी आजवर तो त्यांचाच गोंधळ समजत होते. हे त्यांना कोणी सांगितलं रे, तूच ना?”

फोन चालू होता. ती वाट बघत होती. मी म्हणालो, सोमवारी बोलू.
“बरं,” म्हणाली. “अकराला येते. कागद आण.”