कलम नऊ

सोमवार, ३
मुलाचा फोन. "आई, रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतोय. घर विकू, तू आमच्याकडे ये. वरच्या बाईंना खोली सोडायला सांग." सांग म्हणे! पाच वर्षांचा करार केलाय मी तिच्याशी, दोन वर्षं अजून बाकी आहेत. अकरा कलमं, माझ्या अक्षरात, एक खाडाखोड नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी फळ्याशेजारी लावला असता! "करार मोडायचा नसतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

मंगळवार, ४
वकिलाकडे गेले. माझाच विद्यार्थी, तेव्हाही दात काढायचा.
"बाई, मुद्रांक नाही, नोंदणी नाही, साक्षीदार नाहीत. आणि मालकाची सही कुठाय?"
"ही काय!"
"हे तर लाल शाईत 'तपासले' लिहिलंय. तुम्ही करार केलाच नाहीत, तपासलात!"
छत्तीस वर्षं वह्या तपासल्या, हाताला दुसरं येतंय कुठे? तिच्या सहीखाली 'अक्षर सुधारा' असंही लिहिलंय. शी!
म्हणजे मुलाला अडवायला हातात काहीच नाही.

बुधवार, ५
वरच्या भाडेकरणीला सांगितलं. वाटलं, रडेल. हसली!
"बाई, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. रोज चार करार टाइप करते."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही इतक्या ऐटीत वाचून दाखवत होतात..."
कलम नऊ: भाडेकरूने रोज सकाळी सातला दार वाजवून मालकीण जिवंत असल्याची खात्री करावी. तीन वर्षं — एक सकाळ चुकली नाही! दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात पडले तेव्हा सात वाजून पाच मिनिटांनी ही कडी उखडून आत. आणि करारानं ती बांधलेली कधी नव्हतीच. मी थक्क.

गुरुवार, ६
सातला दार वाजलं. ती गेल्यावरही मी दाराकडे बघत उभी.

शनिवार, ८
मुलाचा फोन, वकिलाला विचारलं म्हणे: "तो कागद रद्दी आहे, आई. आता काय अडचण?" फोन ठेवला आणि करार पुन्हा काढून वाचला.

रविवार, ९
सात वाजले. दार वाजलं नाही. सव्वासात. दोन वर्षांत जिना चढले नव्हते. चढले — एकोणीस पायऱ्या! — आणि दार वाजवलं. तिने उघडलं, तापाने फणफणलेली.
"बाई, कलम नऊ माझ्यासाठी होतं ना?"
"दुरुस्ती केलीय. झोप."
हे तिच्या उशाशी बसून लिहितेय. खाली घंटी वाजतेय — मुलगा आणि गिऱ्हाईक. वाजवू देत. तिच्या कपाळावरची घडी पुन्हा भिजवायला हवी.