गाळलेल्या पाण्यातली पिल्लं

आबा, माशांच्या बाबतीत आता मला कुणी शिकवायला येत नाही. माझ्या घरात काचेच्या सहा टाक्या आहेत आणि पिल्लं भरपूर वाढतात. बघायला येणाऱ्या शहाण्यांना मी ठणकावून सांगते, हा बोटाएवढा मासा दिसतो गरीब, पण दोन नर एकत्र ठेवून बघा, संध्याकाळपर्यंत एकाची शेपटी जागेवर राहायची नाही. बोलणं अर्थात तुमचंच.

एरंडोलच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर होतात. अर्धी गल्ली हिवतापाने कुडकुडायची. ओढ्यातले हे मासे डासांच्या अळ्या खातात, असं डॉक्टर बोलून गेले आणि ते घरी वाढवून गावच्या विहिरींत सोडायचं तुम्ही मनावर घेतलंत. दवाखान्यातल्या रिकाम्या बरण्या खिडकीत आल्या. मासे पाण्यात सोडलेल्या काथ्यावर अंडी घालत, तो काथ्या तुम्ही हलक्या हाताने वेगळ्या बरणीत ठेवायचात, नाहीतर मासेच ती अंडी खाऊन टाकत. पाणी भरायचं काम माझं. मी बारा वर्षांची. चुलीजवळून आई ओरडते, "पानी गाळीसन भर वं, नारू ऱ्हास त्यामा!" आणि नारूच्या जंताच्या धाकाने मी दुहेरी फडक्यातून ओढ्याचं पाणी गाळते आहे, अगदी मन लावून. नुकत्या निघालेल्या पिल्लांचं डोळ्यांना न दिसणारं खाणं त्या फडक्यातच अडकतं, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली.

अंडी फुटल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही परसात असताना मी बरणी पाहिली, तर सगळी पिल्लं तळाशी निपचित. तुम्ही आलात तेव्हा शेजारच्या बरणीतला मोठा नर त्यांना गिळत फिरत होता. "हाऊच बठ्ठा पिले खाई गया! उडी मारी उना," म्हणालात, आणि खाली बसलात. तुमचा तो सगळ्यात देखणा नर; त्याच दिवशी ओढ्यात सोडून आलात. डॉक्टरांना सांगितलंत, ही जात घरात वाढायची नाही. बरण्या दवाखान्यात परत गेल्या. विहिरींत मासे पडलेच नाहीत आणि गल्ली पुढच्या पावसाळ्यातही कुडकुडली.

तुम्ही जिवंत असताना सांगायला हवं होतं, आता हा कागद टाकीखालच्याच खणात राहील. त्या नराने उडी मारली नव्हती, आबा. पाणी मी भरलेलं, बोल मलाच लागेल या भीतीने मेलेल्या पिल्लांत त्याला मीच नेऊन सोडलं होतं.