बघू नकोस

१४ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतोय, जीभ मात्र ठणठणीत आहे. काम चालू आहे. आपल्या धंद्याला मंदी नाही, असं बाबा घरात हसून म्हणायचे आणि बाहेर मयताच्या माणसांसमोर तोंड पाडून उभे राहायचे. आता मी तसाच उभा राहतो.

तुझं पत्र मिळालं. अकरा वर्षं झाली तरी आईचा ठेचलेला चेहरा डोळ्यांपुढे येतो, आणि आता तू तिच्यासारखी दिसायला लागल्यापासून आरशासमोर उभं राहायचीही भीती वाटते, असं लिहिलंस. तीनदा वाचलं. वहिनीला दाखवलं नाही.

परवा अपघातात गेलेल्या एका माणसाची मुलगी आली होती. "काका, बघू का?" म्हणाली. आमच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही गं. आम्ही नको म्हटलं की माणसं मागे फिरतात. तूही फिरलीस. या वेळी मी बाजूला सरकलो. म्हटलं, "बघ बाळा. जखम आहे, पण तुझेच वडील आहेत." हल्ली शवपेटीचं झाकण लावताना मी दाराकडे बघतो. दर वेळी बाहेर तू उभी असतेस.

ठमे, आई जिन्यावरून पडली हे खरं, पण मार डोक्याला मागून लागला होता. चेहऱ्यावर साधा ओरखडा नव्हता. मी स्वतः तिचे केस विंचरले, डावीकडे भांग पाडला. ओठ एका बाजूला जरासे वर राहिले, मला रागवायच्या आधी व्हायचे तसे. इतकी शांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

आठ महिने तिचं आजारपण मी काढलं. औषध द्यायला गेलो की विचारायची, "ठमी आली का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तू फोनवर म्हणायचीस, पुढच्या महिन्यात नक्की. चुकलंच तुझं, पण एवढं नाही.

"बघू नकोस, बघण्यासारखं काही राहिलं नाही," असं मी त्या दिवशी म्हणालो. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. "दादा, तू होतास म्हणून," म्हणालीस.

अजून एक सांगायचं राहिलं. तुझी गाडी फाटकाशी थांबली तेव्हा पेटी उघडी होती. गाडीचा आवाज ऐकून मी उठलो आणि झाकण लावलं.

माफ कर म्हणत नाही. अजूनही म्हणवत असेल, तर तुझा

दादा